पराभवानंतरची चार वर्षे

आमचा जुना वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहावयाचे ठरले, तेव्हा आजोबांच्या कपाटांची निरवानिरव करण्याचे काम माझ्याकडे आले. आजोबांच्या मागे घरात वकिली चालविणारा मी एकटाच. तेव्हा कायद्याच्या ग्रंथांचे काय करावयाचे ते मीच ठरवावे, असे सर्वांचे म्हणणे पडले. वाळवीने पोखरलेले लॉ रिपोर्ट रद्दीत गेले. लाल फितीने बांधलेली खटल्यांची दप्तरे त्यांच्या मागोमाग गेली. तळाच्या खणात एक इंग्रजी पुस्तक निघाले. त्याचे वेष्टन गेलेले, शिवण उसवलेली. परंतु पहिले पान शाबूत होते. ‘वन वर्ल्ड’ हे त्याचे नाव आणि लेखक वेंडेल विल्की.

थोरले काका आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते नाव वाचले आणि म्हणाले, “हा तो अमेरिकेच्या निवडणुकीत पडलेला ना रे? निवडून आलेल्यांची चरित्रे वाचून संपली वाटते तुझी!” घरातील मंडळी हसली, मीही हसलो. काकांचे म्हणणे काही खोटे नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष कोण कोण झाले, याची यादी शाळकरी मुलेही पाठ करतात. पडलेल्यांची यादी कोण ठेवतो? तथापि आजोबांसारख्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थाने लढाईच्या महागाईत हे पुस्तक विकत घेतले आणि मरेपर्यंत जपून ठेवले, याला काही कारण असले पाहिजे, असे मनात येऊन मी ते वाचावयास घेतले. पुढे त्या माणसाविषयी जे जे मिळाले तेही वाचून काढले. वाचता वाचता ही गोष्ट माझ्याच अंगावर येईल, अशी मात्र मला कल्पना नव्हती.

विल्कीचा जन्म १८ फेब्रुवारी १८९२ रोजी इंडियाना संस्थानातील एलवुड या गावी झाला. वाडवडील जर्मनीतून आलेले. आईबाप दोघेही वकील होते. आई हेन्रिएटा ही तर इंडियानात वकिलीची सनद मिळविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. बाप हर्मन हा मोठा ग्रंथवेडा होता. सकाळी मुलांना उठवावयाचे तर जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून तो थोर ग्रंथकारांची वचने मोठमोठ्याने म्हणे. आपल्याकडे भूपाळ्या म्हणत, त्यातलाच हा प्रकार. रात्रीच्या जेवणाला वादविवाद ठेवलेला. अशा घरात वाढलेला मुलगा बोलका निघाला आणि हट्टीही निघाला, यात नवल ते काय!

त्याच्या लहानपणीची एक हकीकत मला महत्त्वाची वाटते. एलवुडच्या पत्र्याच्या कारखान्यात संप झाला आणि कामगार हर्मन विल्कीकडे आले. बाप आणि मुलगा असे दोघे क्लॅरेन्स डॅरो या त्या काळच्या नामांकित फौजदारी वकिलाला भेटावयास शिकागोस गेले. डॅरोची ना नव्हती, परंतु त्याची फी कामगारांच्या आवाक्याबाहेरची ठरली. अखेर हर्मननेच ते काम स्वतः चालविले. आपल्या बापाने गावच्या धनवंतांचा रोष पत्करून हातावर पोट असलेल्यांचे वकीलपत्र घेतलेले या मुलाने वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास पाहिले. पुढच्या आयुष्यात त्याने बऱ्याच उलटसुलट गोष्टी केल्या. परंतु हे पाहिलेले तो विसरला नाही.

मधली वर्षे मी भराभर सांगतो. इंडियाना विद्यापीठातून तो १९१६ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाला. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, तेथे कारकुनाच्या चुकीने त्याचे ‘लुईस वेंडेल’ हे नाव ‘वेंडेल लुईस’ असे उलटे लिहिले गेले आणि त्याने तेच पुढे चालू ठेवले. ग्रंथपाल असलेल्या एडिथ विल्क या मुलीशी त्याने लग्न केले. नंतर ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी वकिली केली. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेला असता कू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा, ज्यूंचा व कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या टोळीचा नाव घेऊन निषेध व्हावा, यासाठी तो झगडला. तो ठराव थोडक्यात हुकला. १९२९ साली तो न्यूयॉर्कला आला आणि १९३३ साली ‘कॉमनवेल्थ अँड सदर्न’ या वीज कंपन्यांच्या मोठ्या समूहाचा अध्यक्ष झाला.

याच वर्षी रूझवेल्टच्या सरकारने टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे बांधून सरकारी वीज विकावयाची योजना काढली. आपल्याकडे १९४८ साली स्थापन झालेले दामोदर खोरे महामंडळ याच नमुन्यावरचे आहे. विल्कीच्या कंपनीचे गिऱ्हाईक त्यामुळे जावयास लागले. सहा वर्षे तो कोर्टात, वर्तमानपत्रांत आणि सभांत सरकारशी भांडला. कज्जा तो हरला. परंतु १९३९ साली आपल्या टेनेसी वीज कंपनीची किंमत म्हणून सात कोटी शहाऐंशी लाख डॉलर त्याने सरकारकडून मोजून घेतले. रूझवेल्टशी पैशाच्या बाबतीत टक्कर देऊन टिकणारा माणूस म्हणून त्याचे नाव देशभर झाले. आयुष्यभराचा डेमोक्रॅट असलेला हा मनुष्य आता रिपब्लिकन झाला. याला कोणी पक्षांतर म्हणेल, आणि ते होतेही.

जून १९४० मध्ये फिलाडेल्फियास रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा विल्कीने आजवर एकही सार्वजनिक अधिकारपद निवडून येऊन भूषविलेले नव्हते. पक्षातील धुरीणांना तो नकोसा होता. न्यूयॉर्कचा तरुण सरकारी वकील ड्युई आणि ओहायोचा सिनेटर टॅफ्ट यांच्यात सामना व्हावयाचा, असेच सारे धरून चालले होते. पहिल्या मतमोजणीत ड्युईला ३६० मते पडली आणि विल्कीला १०५. परंतु त्याच महिन्यात पॅरिस पडले होते, फ्रान्सने हात टेकले होते. युरोपात आग लागली असता तिकडे पाठ फिरवून बसा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांविषयी लोकांचे मन साशंक झाले होते. सज्जांतून प्रेक्षकांनी विल्कीच्या नावाचा जो घोष चालविला, तो रात्र झाली तरी थांबेना. आणि सहाव्या मतमोजणीस उमेदवारी त्याच्या पदरात पडली.

निवडणुकीच्या प्रचारात मात्र तो आपल्याच पायरीवरून घसरला, हे सांगितले पाहिजे. आरंभ चांगला केला. ऑगस्टमध्ये एलवुडला कडक उन्हात जमलेल्या प्रचंड समुदायासमोर त्याने सक्तीच्या लष्करभरतीस पाठिंबा दिला. त्याने ‘नाही’ म्हटले असते तर तो कायदा बहुधा बारगळला असता. परंतु पुढे पारडे वर जाईना, बोलून बोलून घसा बसला, सल्लागारांनी कान भरले आणि ऑक्टोबरात तो सांगू लागला की, रूझवेल्टला निवडून द्याल तर तुमची मुले लवकरच परदेशच्या रणांगणावर धाडली जातील. रूझवेल्टनेही बोस्टनच्या सभेत, मुलांना परक्या युद्धांत पाठविणार नाही, असे वचन देऊन टाकले. दोघांनीही मतांसाठी खोटेपणा केला. नोव्हेंबरात निकाल लागला, तेव्हा विल्कीला सुमारे सव्वादोन कोटी मते पडली होती. तोवर कोणत्याही रिपब्लिकन उमेदवाराला इतकी मते मिळाली नव्हती. रूझवेल्टला मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास मिळाली. अठ्ठेचाळीस संस्थानांपैकी केवळ दहा विल्कीकडे राहिली.

काकांच्या दृष्टीने गोष्ट येथे संपली. माझ्या मते ती येथून सुरू होते.

निकालानंतर आठवड्याच्या आतच, ११ नोव्हेंबर रोजी, त्याने रेडिओवरून भाषण केले. आपण विरोधी पक्ष आहोत, विरोध करूच. पण तो देशाशी इमान राखून करू, विरोधासाठी विरोध करणार नाही, असा त्याचा आशय होता. अशी भाषणे हरलेले पुढारी करीतच असतात. पाळावयाची वेळ जानेवारीत आली. ब्रिटनजवळचे पैसे संपत आले होते, आणि रोख न घेता त्यांना युद्धसामग्री उसनी वा भाड्याने देता यावी म्हणून रूझवेल्टने ‘लेंड-लीज’चे बिल आणले होते. रिपब्लिकन पुढारी एकजात त्याच्या विरुद्ध होते. विल्कीने पाठिंबा जाहीर केला आणि स्वतः डोळ्यांनी पाहावे म्हणून लंडनला जावयाचे ठरविले. निघण्यापूर्वी तो रूझवेल्टला भेटला, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाच्या तिसऱ्या कारकिर्दीचा शपथविधी होता. ज्या घरात राहावयास जावे म्हणून आपण देश पालथा घातला, त्याच घरात पाहुणा म्हणून बसताना त्याला काय वाटले असेल? रूझवेल्टने चर्चिलला देण्यासाठी त्याच्याजवळ एक चिठ्ठी दिली, तीत लाँगफेलोच्या कवितेतील काही ओळी स्वहस्ते लिहिल्या होत्या. ती चिठ्ठी पडलेल्या उमेदवाराने बाँबहल्ले सोसणाऱ्या लंडनला नेऊन पोचविली.

परत आल्यावर ११ फेब्रुवारी १९४१ रोजी तो सिनेटच्या समितीपुढे साक्षीस बसला. एका सिनेटरने त्याचीच ऑक्टोबरातली वाक्ये वाचून दाखविली. रूझवेल्ट निवडून आल्यास एप्रिलपर्यंत देश युद्धात ओढला जाईल, असे आपण म्हणालात ना? वकिलाला अशा वेळी शंभर पळवाटा सुचतात, हे मी अनुभवाने सांगतो. संदर्भ निराळा होता, माझ्या शब्दांचा विपर्यास केला जात आहे, परिस्थिती पालटली, असे काहीही म्हणता आले असते. विल्की म्हणाला, ते निवडणुकीच्या भरातले वक्तृत्व होते. सभागृहात हशा पिकला. त्याच्या विरोधकांनी हे वाक्य त्याच्या मरणापर्यंत त्याच्या तोंडावर फेकले. परंतु मला त्या वाक्याचे मोल फार वाटते. शपथेवर बसलेला साक्षीदार आपण पूर्वी खोटे बोललो हे इतक्या सहजपणे कबूल करतो, असा प्रसंग माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत एकदाही आलेला नाही.

मार्चमध्ये लेंड-लीजचा कायदा झाला. पुढे एकदा रूझवेल्टचा उजवा हात हॅरी हॉप्किन्स विल्कीविषयी काही टवाळीचे बोलला, तेव्हा रूझवेल्टने त्याला तेथल्या तेथे खडसावले. हा मनुष्य नसता तर लेंड-लीज आणि लष्करभरती या दोन्ही गोष्टी कदाचित झाल्याच नसत्या. त्याच्याविषयी तू तरी असे बोलू नयेस, असे त्याचे सांगणे होते.

आता आजोबांच्या पुस्तकाकडे येतो. २६ ऑगस्ट १९४२ रोजी विल्की ‘गलिव्हर’ नावाच्या, बाँबफेकी विमानाचे रूपांतर करून घेतलेल्या विमानातून जगप्रवासाला निघाला आणि ४९ दिवसांत ३१,००० मैल फिरून आला. इजिप्तमधील आघाडीवर माँटगोमेरी, मॉस्कोस स्टालिन, चुंगकिंगला चिआंग कै-शेक यांना तो भेटला. तुर्कस्थान, लेबानन, पॅलेस्टाइन, इराक, इराण हे देश त्याने पाहिले. नकाशावर बोट फिरविले की ध्यानात येते, हिंदुस्थानला त्याने वळसा घातला. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींसह सर्व पुढारी पकडले गेले होते, देश पेटला होता. विल्कीने हिंदुस्थानात जाऊ नये, अशी रूझवेल्टची इच्छा होती आणि त्याने ती मानली. तो तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभा राहिला असता तर, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. हा त्याचा उणेपणाच म्हटला पाहिजे.

परंतु न गेलेल्या देशाने त्याची पाठ सोडली नाही. कैरोपासून पुढे ज्या ज्या गावी तो उतरला, तेथे तेथे लोक त्याला एकच गोष्ट विचारीत, हिंदुस्थानचे काय? स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणता, मग त्यांच्या स्वातंत्र्याचे काय? चीनमधील एका शहाण्या गृहस्थाने तर त्याला सांगितले की, हिंदुस्थानची मागणी लांबणीवर पडली, त्याने पूर्वेकडे इंग्रजांची पत गेली नाही, गेली ती अमेरिकेची. विल्कीने हे आपल्या पुस्तकात छापून टाकले, आणि आजोबांनी त्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीची उभी रेघ ओढली आहे. सबंध पुस्तकात तेवढीच एक. आजोबा सभेला जाणारे नव्हते, घरात राजकारण बोलणारेही नव्हते. त्यांचे मत काय होते हे आम्हां मुलांना कधी कळले नाही. १९४३ साली तालुक्याच्या गावी रात्री कंदिलापाशी बसून त्यांनी ती रेघ ओढली असेल, तेव्हा एका परक्या माणसाने आपल्या मनातले जगापुढे मांडले, असे त्यांना वाटले असावे. एवढाच मी तर्क करू शकतो.

घरी परतल्यावर २६ ऑक्टोबरला विल्कीने रेडिओवरून कोट्यवधी लोकांना आपला वृत्तान्त सांगितला. जगभर अमेरिकेविषयी सदिच्छेचा मोठा साठा आहे, पण त्याला भोके पडली आहेत आणि हिंदुस्थानविषयीचे आपले मौन हे त्यांतले एक, असे तो बोलला. १० नोव्हेंबरला चर्चिलने लंडनमध्ये भाषण केले आणि बादशाही साम्राज्य मोडीत काढण्यासाठी आपण पंतप्रधान झालो नाही, असे बजावले. तो टोला विल्कीला होता, असे पुष्कळांचे मत पडले. विल्कीची टीका केवळ इंग्रजांपुरती नव्हती. आपल्या देशात काळ्या नागरिकांना आपण जसे वागवितो, तेही घरचे साम्राज्यशाहीपणच आहे, असे त्याने त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या परिषदेत सांगितले होते. ‘वन वर्ल्ड’ १९४३ च्या एप्रिलमध्ये निघाले आणि थोड्याच महिन्यांत दहा लाखांवर प्रती खपल्या.

चर्चिलच्या भाषणाच्या आदल्या दिवशी, ९ नोव्हेंबर १९४२ रोजी, विल्की वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात उभा होता. त्याचा अशील विल्यम श्नायडरमन हा कॅलिफोर्नियातील कम्युनिस्ट पक्षाचा चिटणीस. रशियात जन्मलेला, अगदी लहानपणी अमेरिकेत आलेला, १९२७ साली नागरिकत्व मिळालेला. त्याचे ते नागरिकत्व रद्द करावे म्हणून सरकारने १९३९ साली दावा लावला होता. त्याच्या वागण्यात काही गुन्हा सापडलेला नव्हता. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असलेला मनुष्य राज्यघटनेशी निष्ठावंत असूच शकत नाही, एवढाच सरकारचा मुद्दा. खालची दोन्ही कोर्टे सरकारच्या बाजूने गेली होती. एका बाईने, कॅरोल किंग या वकिलाने, विल्कीला विचारले आणि तो ‘हो’ म्हणाला. फी घेतली नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून थोडे थांबतो. हा मनुष्य वीज कंपन्यांचा पुढारी, भांडवलशाहीचा उघड कैवारी. पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभे राहावे, अशी त्याची इच्छा होती. ज्या पक्षाकडून उमेदवारी मागावयाची, त्या पक्षात कम्युनिस्ट हा शब्द शिवीसारखा. मित्रांनी त्याला परोपरीने सांगितले. त्याने एका मित्राला लिहिले की, आपण करतो ते योग्य आहे याची मला खात्री आहे; नागरी स्वातंत्र्याचे रक्षण करण्याची वेळ कधी असेल तर ती हीच. न्यायालयापुढे त्याने सांगितले की, जेफर्सन आणि लिंकन हेही क्रांतीविषयी बरेच जहाल बोलून गेले आहेत. माणसाला त्याच्या पक्षाच्या पुस्तकातील वाक्यांवरून दोषी ठरवू लागलो, तर कोण वाचेल? मार्च १९४३ मध्ये प्रकरण पुन्हा ऐकले गेले आणि २१ जून रोजी तीनांविरुद्ध पाच मतांनी श्नायडरमन जिंकला. न्यायमूर्ती मर्फी यांनी निकाल लिहिला. दोष हा ज्याचा त्याचा असतो, तो संगतीवरून चिकटवावयाचा नसतो, हे त्या निकालाचे सार.

हे प्रकरण वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटले आणि चार दिवस उघडले नाही. कारण असे.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्याच्या गावी एक गुन्हा घडला. तपशील देत नाही. आरोपीचे नावदेखील कोणी घराघरांत उच्चारीत नव्हते, इतका लोकांचा संताप होता. एका संध्याकाळी आरोपीची म्हातारी आई आमच्या घरी आली. तिला कोणी वकील मिळेना. कोणीतरी माझे नाव सांगितले होते. आईने तिला आत बोलावून चहा दिला. मी बाहेरच्या खोलीत तिचे सगळे ऐकून घेतले, कागद पाहिले. खटल्यात लढण्याजोगे मुद्दे होते, निदान दोन तरी. ते मला दहा मिनिटांत दिसले. मी तिला म्हणालो, “बाई, माझ्याकडे सध्या काम फार आहे. तारखा सांभाळता येणार नाहीत.” ती काही बोलली नाही. कागद पिशवीत घालून निघून गेली.

काम फार होते हे खोटे. मुलीचे लग्न जुळत आले होते. धाकट्या भावाचे दुकान भर बाजारात. अशिलांपैकी दोघे गावातले वजनदार. घर मोठे असले की माणसाची भीतीही मोठी होते, कारण प्रत्येक भीतीला कोणाचे तरी नाव देता येते. मी आपल्या भित्रेपणाला कुटुंबाचे नाव दिले. पुढे सरकारी मदतीच्या यादीतील एका तरुण वकिलाकडे ते काम गेले. निकाल काय लागला, हे येथे गैरलागू आहे. एक-दोन महिन्यांनी आईने भाजी निवडता निवडता सहज विचारले, “ती बाई पुन्हा आली नाही का रे?” मी नाही म्हणालो. तिने पुढे काही विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आई आता नाही.

विल्की काही देवमाणूस नव्हता. सिगारेट आणि दारू यांचा त्याला अतिरेक होता. न्यूयॉर्कमधील एका विदुषीशी असलेले त्याचे सख्य पत्रकारांना ठाऊक होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते छापले गेले नाही. पत्नीने काय सोसले, ते तिचे तिला ठाऊक. मी त्याची आरती करावयास बसलो नाही. परंतु त्याच्याजवळ गमावण्यासारखे माझ्यापेक्षा कितीतरी अधिक होते आणि त्याने ते टेबलावर ठेवले, हे काही मला पुसता येत नाही.

त्याने ते गमावलेही. ४ एप्रिल १९४४ रोजी विस्कॉन्सिन संस्थानात पक्षांतर्गत निवडणूक झाली. तेथे युरोपच्या भानगडींपासून दूर राहावे म्हणणारे फार. सल्लागारांनी वगळा म्हटले तरी तो हट्टाने उतरला, तेरा दिवस गावोगाव फिरला. प्रतिस्पर्धी ड्युई तिकडे फिरकलाही नाही. निकालात विल्कीला एकही प्रतिनिधी मिळाला नाही. नेब्रास्कातील ओमाहा येथे ठरलेले भाषण त्याने केले आणि अखेरीस आपण उमेदवारीतून बाहेर पडत असल्याचे सांगितले. चार वर्षांपूर्वी ज्या पक्षाने त्याच्या नावाचा रात्रभर घोष केला, त्याच पक्षाने त्या उन्हाळ्याच्या अधिवेशनात त्याला भाषणासही बोलावले नाही.

जुलैत रूझवेल्टचा माणूस गुपचूप येऊन त्याला भेटला. दोन्ही पक्षांतील उदार विचारांचे लोक एकत्र करून एक नवा पक्ष बांधता येईल काय, अशी ती बोलणी होती. विल्कीला कल्पना आवडली; पण निवडणूक होईपर्यंत थांबू, म्हणजे मतांसाठी केले असे होणार नाही, असे त्याचे मत पडले. तो कोणाच्याच बाजूने जाहीरपणे उभा राहिला नाही. ऑगस्टमध्ये आगगाडीच्या प्रवासात त्याला हृदयविकाराचा झटका आला. ८ ऑक्टोबर १९४४ रोजी न्यूयॉर्कच्या इस्पितळात तो वारला; वय अवघे बावन्न. त्याच्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभा असलेला सिनेटर मॅकनरी फेब्रुवारीतच गेला होता. म्हणजे १९४० साली ही जोडी निवडून आली असती तर चार वर्षांची मुदत पुरी होण्याच्या आत दोघेही मृत झाले असते. रूझवेल्टही पुढच्या एप्रिलात गेला. ज्या नव्या पक्षाविषयी बोलावयाचे ठरले होते, ते बोलणे राहूनच गेले.

विल्कीला इंडियानातील रशव्हिल या गावी, त्याच्या बायकोच्या माहेरी, पुरले आहे. तेथे त्याने शेते घेतली होती आणि मका व डुकरे यांचे भाव तो वर्तमानपत्रात आवडीने पाही म्हणतात.

पुस्तकाची शिवण मी बुरूड आळीच्या मागल्या बाजूस बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बांधणाऱ्याकडून नीट करून घेतली. आजोबांची रेघ समास कापताना जाऊ नये, एवढे त्याला दोनदा बजावले. आणले त्याच दिवशी ते काकांनी मागून घेतले. रात्री जेवणावर बसलो असता मी त्यांना विचारले, “कुठवर आलात?” “चीनपर्यंत,” ते म्हणाले आणि आमटी वाढून घेत थोड्या वेळाने आपणहून बोलले, “रेघ अण्णांचीच आहे. पेन्सिलीवर असा दाब देऊन तेच लिहीत.”

श्नायडरमनचे प्रकरण त्या पुस्तकात नाही. ते मी काकांना निराळे सांगितले, आणि त्या पाठोपाठ त्या बाईचेही सांगितले. बारा वर्षांत घरात प्रथमच. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “ती राहते कुठे, काही ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हते. परवा कोर्टात जाऊन मी जुन्या रजिस्टरातून पत्ता काढून आणला आहे.